कपाळाचं पिंप

१

कपाळाचं पिंप रिकामं सापडलं, त्या सकाळी मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवत होतो. दुकानातला फोन वाजला आणि पलीकडून वर्गवारी समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला.

"बाई कुठे आहेत? त्यांना घेऊन थोरल्यांच्या तळघरात या. आत्ताच्या आत्ता."

बाई म्हणजे आमची ही. अख्ख्या खोऱ्यात तिला मातीबाई म्हणतात. मातीची तज्ज्ञ. इथल्या प्रत्येक द्राक्षबागेत तिने खड्डा खणून थर तपासलेत, आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवण्यापर्यंत तिची मजल गेलेली आहे. गाडी मात्र तिला चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. त्यामुळे चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून तिला हिंडवणं हा माझा जोडधंदा. माझी तक्रार नाही. स्वतःच्या बायकोची हुशारी पहिल्या रांगेत बसून बघायला मिळते.

प्रकरण असं होतं. आमच्या खोऱ्यातली वाइन आजवर नुसत्या खोऱ्याच्या नावाने विकली जायची. सगळ्या बागांचा रस एकाच नावाखाली. आता ठरलं होतं की बागेवरून प्रत लावायची. पहिली, दुसरी, नाहीतर साधी. त्यासाठी प्रत्येक बागेने फक्त स्वतःच्या द्राक्षांची वाइन एका पिंपात भरायची, समितीने बुचावर लाखेची मोहोर मारायची, आणि परीक्षकांनी नावं झाकून ती चाखायची. मातीचा अहवाल हिचा, चव परीक्षकांची. दोन्ही मिळून नकाशा रंगणार होता. एकदा रंगला की पुढची पिढी कारभार हाती घेईपर्यंत त्यात फरक नाही. आणि कुणी दुसऱ्या बागेचा थेंब मिसळलेला सापडला, तर ती बाग नकाशाबाहेर.

कपाळ ही खोऱ्यातली सगळ्यात उंचावरची बाग. डोंगराचा माथा कपाळासारखा पुढे आलेला, म्हणून ते नाव. ती थोरल्यांची. खाली त्याच घराण्याची दुसरी बाग, ओहोळपट्टी. ती त्यांच्या वारलेल्या भावाच्या वाट्याची, आता त्याच्या बायकोची. तिला सगळे धाकटी म्हणतात. थोरल्यांनी लग्न केलं नाही. एका घरात दीर-भावजय, दोघांचं तळघर एक, आणि तळघरात मोहोर लावलेली दोन पिंपं शेजारी शेजारी.

आम्ही जिना उतरलो तेव्हा थोरले भिंतीला टेकून उभे होते. उंच, ताठ माणूस, पण चेहरा रात्रभर जागल्यासारखा. अध्यक्षांनी कपाळाच्या पिंपावर बोटाने टकटक केलं. ढोल वाजावा तसा आवाज आला.

"पूर्ण रिकामं," ते म्हणाले. "खालची तोटी उघडी होती. चाखणी परवावर आली आणि ही तऱ्हा."

हिने पिंपाच्या वर वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. "अहो, तुमचं भिंग द्या."

बुचावरची लाखेची मोहोर जशीच्या तशी होती. साधा तडाही नव्हता.

२

"मग काय झालं?" अध्यक्ष म्हणाले. "तोटी फिरवली, वाइन गटारात गेली. मोहोरेशी काय संबंध?"

"वरून हवा आत गेल्याशिवाय खालून वाइन सुटत नाही," ही म्हणाली. "नुसती गुडगुडत राहते. बूच तर बंद होतं. हवा कुठून गेली?"

भिंग फिरवत फिरवत तिला ते सापडलं. पिंपाच्या वरच्या कडेला, लोखंडी पट्ट्याच्या लगत, पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक आणि त्यात ठोकून बसवलेली लाकडी खिट्टी. पिंप जुनं, काळपट. खिट्टी मात्र कोरी पांढरी.

"मोहोर लागल्यानंतर पाडलंय हे," ती माझ्या कानात म्हणाली. "नाहीतर मोहोर मारणाऱ्याला दिसलं असतं."

मग ती खाली बसली. फरशी धुतलेली होती, स्वच्छ. तिने माझ्या खिशातला पांढरा रुमाल काढून घेतला, नाल्याच्या सांध्यात दाबला आणि उजेडात धरला. रुमालावर फिकट गुलाबी डाग आला. तिच्या कपाळावर आठी चढली. रुमाल तिने घडी करून पर्समध्ये टाकला. तो मला परत मिळाला नाही, तो मुद्दा वेगळा.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि धाकटी खाली आली. ठेंगणी, उन्हाने रापलेली, हातावर छाटणीच्या कात्रीचे घट्टे. ती भल्या पहाटे बागेत गेली होती, तिला आत्ताच कळलं होतं. कुणाशी काही न बोलता ती रिकाम्या पिंपापाशी गेली आणि त्यावर तळवा ठेवून उभी राहिली.

"माझी अख्ख्या वर्षाची मेहनत," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

थोरल्यांनी मान फिरवली.

"किल्ल्या कुणाकडे असतात?" हिने विचारलं.

"एक माझ्याकडे, एक धाकटीकडे," थोरले म्हणाले. "पण अंगणातली खिडकी लागत नाही नीट. माणूस आत येऊ शकतो."

"शेजारी येऊ शकतो, असं म्हणा ना!" अध्यक्ष उसळले. "काल संध्याकाळी तो अंगणात दिसला होता. भर बैठकीत तो काय म्हणाला होता, ते सगळ्यांनी ऐकलंय. कपाळाला पहिली प्रत मिळाली तर मी माझ्या वेली उपटून टाकीन! मी त्याचं नाव यादीतून आजच कापतो."

"त्यांनी हे केलेलं नाही," थोरले म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. थोरले आणि तो शेजारी एका बांधावरून भांडले त्याला इतकी वर्षं झाली होती, की भांडण कशावरून हेसुद्धा लोक विसरले होते. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत.

"तुम्हाला काय माहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही केलं, एवढं सांगतो," थोरले म्हणाले आणि जिना चढून गेले.

३

शेजाऱ्याला सगळे मिशाळ म्हणतात. का, ते त्याला पाहिलं की कळतं. त्याच्या शेडमध्ये आम्ही गेलो तेव्हा तो बाटल्या विसळत होता.

"मला पकडायला आलात काय?" तो ओरडला. "या, या! चष्मेवाल्यालाही साक्षीला आणलंय!"

"काल तुम्ही त्यांच्या अंगणात कशाला गेला होतात?" हिने शांतपणे विचारलं.

"शिडी परत करायला. धाकटीकडून आणली होती. ती माणसासारखी वागते. थोरल्याचं सोडा."

"आणि तुमचं पिंप कुठाय?"

त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मोहोर लावलेलं एक पिटुकलं पिंप होतं, मांडीवर घेता येईल एवढं.

"हसू नका," तो म्हणाला. "गारांनी एवढंच ठेवलं. उन्हाळ्यात आल्या त्या. घड झोडपून जमिनीला मिळवले. जे वाचलं ते एकेक मणी निवडून केलंय. दोन बोटं भरेल, पण माझ्या बागेचं आहे. दुसऱ्याचं काही नाही त्यात."

"थोरल्यांची बाग तुमच्याला लागूनच ना?"

"मधे पायवाट आहे, बास!" मिशाळच्या मिशा थरथरल्या. "आणि त्याचं पिंप काठोकाठ! गारांनी काय पायवाटेपाशी थांबून परवानगी मागितली की काय? मी तेच म्हणत होतो. उघडा ते पिंप परीक्षकांसमोर, चाखा, आणि सांगा मला कपाळ आहे का ते! परवाची वाट बघत होतो मी. आता काय चाखणार? लाकूड?"

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "माणूस तापट आहे. रागाच्या भरात केलंही असेल."

"अहो, असं कसं?" ही म्हणाली. "पिंप उघडावं, ही त्याचीच तर मागणी होती. त्याच्या दृष्टीने तो पुरावा होता. स्वतःचा पुरावा कुणी गटारात सोडतं का? गाडी वर घ्या. कपाळावर."

४

चढावर गाडी पहिल्यातच चालवावी लागली. वर वारा बोचत होता. छाटणी झालेल्या वेली रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीवर राखून ठेवलेल्या एकदोन काड्या. बांधाला छाटलेल्या काड्यांचे भारे रचलेले होते.

हिने एक काडी उचलून माझ्या हातात दिली. "डोळ्यांचे डॉक्टर, बघा."

मी डॉक्टर नाही, पण भिंग माझंच होतं. काडीच्या एका बाजूला सालीवर खळगे होते, सुकून काळे पडलेले, जखमेच्या खपल्यांसारखे. दुसरी बाजू गुळगुळीत.

"गेल्या उन्हाळ्यात ही काडी कोवळी असताना वरून मार बसलाय," ती म्हणाली. "कोवळ्या काडीची ही गत, तर घडाचं काय झालं असेल?"

आम्ही रांगांमधून फिरलो. सगळीकडे तेच. मग ती मला खाली ओहोळपट्टीत घेऊन गेली. ती बाग डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या वळणावर. लोक तिला भाजीचा मळा म्हणून हिणवायचे. तिथल्या काड्या मात्र चारी बाजूंनी साफ होत्या. गारा डोंगराआड अडल्या होत्या.

"म्हणजे कपाळावर पिंपभर द्राक्षं नव्हतीच," मी म्हणालो. "मग त्या पिंपात काय होतं?"

"धाकटी रडताना काय म्हणाली?"

मी आठवलं. माझी अख्ख्या वर्षाची मेहनत. मला वाटलं होतं, घराचं म्हणून माझी.

"कपाळाच्या पिंपात ओहोळपट्टीची वाइन होती," ही म्हणाली. "सगळी. त्या दोघांना ते ठाऊक होतं."

"आणि धाकटीच्या स्वतःच्या पिंपात?"

तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्या गुलाबी डागाकडे पाहत राहिली. मग एकदम वळली. "चला. मी एक पिंप बघितलंच नाही. असा गाढवपणा माझ्या हातून क्वचित होतो."

ते खरं आहे. होतो तेव्हा मात्र ती मोठ्याने कबूल करते, आणि हे मी फारच थोड्या हुशार माणसांत पाहिलंय.

आम्ही थोरल्यांच्या दारात पोचलो तर आतून अध्यक्षांचा चढलेला आवाज येत होता, आणि मधेच धाकटीचा, स्पष्ट, न थरथरता.

"मिशाळभाऊंचं नाव कापू नका. वाइन मी सोडली."

५

बैठकीच्या खोलीत थोरले खुर्चीतून अर्धे उठले होते. समोरच्या टेबलावर कॉफी गार होत होती.

"धाकटे, काय बोलतेस?"

"खरं तेच बोलते, भाऊजी. तुम्ही मधे पडू नका."

ही तिच्यासमोर जाऊन बसली. "कशी सोडलीत?"

"कशी म्हणजे? तोटी फिरवली."

"आणि?"

"आणि काय? वाहून गेली सगळी."

"धारेने?"

"धारेने."

"तोटीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाहीत?"

"नाही."

ही हसली, पण त्यात टोचणारं काही नव्हतं. "बाई, तुम्ही उत्तम वाइन करता, पण थापा तुम्हाला जमत नाहीत. बूच बंद असताना नुसती तोटी फिरवून धार लागत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. ज्याने वाइन काढली त्याने आधी वर भोक पाडलं. ते भोक तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "मग मिशाळच ना?"

"मिशाळला ते पिंप सगळ्यांसमोर उघडायला हवं होतं. आणि बाहेरचा माणूस तोटी उघडून पळ काढतो. तो भोकात खिट्टी ठोकत बसत नाही की फरशी धुवत नाही. हे घरातल्या माणसाचं काम आहे." ती थोरल्यांकडे वळली. "मिशाळने केलं नाही, अशी पैज लावल्यासारखं तुम्ही सांगितलंत. ज्याचं तोंड पाहत नाही, त्याच्याबद्दल एवढी खात्री एकाच माणसाला असू शकते. ज्याने स्वतः केलंय त्याला."

थोरले खुर्चीत परत टेकले.

"थोरले," ही म्हणाली, "आपण खाली जाऊ या का? मला दुसरं पिंप बघायचंय."

६

ओहोळपट्टीच्या पिंपावरचीही मोहोर शाबूत होती. ते भरलेलं होतं. टकटक केली तर मुका आवाज. हिने भिंग माझ्याकडे दिलं, आणि या वेळी ते मला सापडलं. पट्ट्याच्या लगत, कोरी पांढरी खिट्टी.

"यालाही?" अध्यक्ष पुटपुटले. "दोन्ही पिंपांना?"

थोरले पायरीवर बसले. बोलले ते सरळ, मान वर करून.

"गारांनंतर कपाळावर टोपलीभरही द्राक्षं राहिली नव्हती. पिंप नसलं तर नकाशात कपाळ साधं लागणार. माझ्या आजोबांनी दगड फोडून केलेली बाग. धाकटी म्हणाली, भाऊजी, माझी वाइन घ्या, कपाळाच्या नावाने ठेवा, घराचं नाव राहील. तिच्या पिंपात तिने दुसऱ्या दाबाची, चोथा पुन्हा पिळून काढलेली पातळ वाइन भरली. ओहोळपट्टी तशीही भाजीचा मळा, तिला कोण विचारतंय, असं म्हणाली. आणि मी ते ऐकून घेतलं."

"मग?"

"मोहोर लागली, आणि मला झोप येईना. शेवटी भोक पाडून पेलाभर काढली. आमच्याकडे तिची वाइन कायम इतर रसात मिसळली जायची. वेगळी अशी मी कधी चाखलीच नव्हती. त्या पेल्यात मला पहिल्यांदा कळलं, ओहोळपट्टी काय चीज आहे ते. कपाळाने चांगल्या वर्षी दिली असती, तिच्या तोडीची. निराळी, पण तोडीची. पहिली प्रत तिला मिळणार, यात शंका नव्हती. फक्त माझ्या नावावर. आणि ती बाग नकाशात साधी म्हणून राहणार, मी मेल्यावरही. मिशाळने दोन बोटं वाइन स्वतःची म्हणून ठेवली होती, आणि माझं पिंप काठोकाठ खोटं होतं."

"सांगितलं का नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नियमाने दोन्ही बागा गेल्या असत्या. माझ्यापायी तिची का जावी?"

हिने रुमाल धाकटीसमोर धरला. "बाई, हा डाग बघा. नाल्यातला आहे."

धाकटीने रुमाल हातात घेऊन पाहिला. "ही तर... ही पातळ आहे. दुसऱ्या दाबाची."

"वाहून गेली ती हीच. तुमच्या दिरांनी आधी तुमचं पिंप रिकामं केलं आणि मग हातपंपाने, तोटीतून तोटीत नळी लावून, कपाळाच्या पिंपातली वाइन त्यात भरली. तुमची वाइन कुठेही गेलेली नाही. ती तुमच्याच नावाखाली आहे."

धाकटी थोरल्यांकडे वळून जवळजवळ रागाने म्हणाली, "आणि मला सांगायचं नाही? सकाळपासून रडतेय मी!"

"तू पुन्हा उलटं करायला लावलं असतंस," थोरले म्हणाले.

ते बरोबरच होतं.

७

अध्यक्ष तसे मऊ मनाचे. ते म्हणाले, मोहोरा तर शाबूत आहेत, आज प्रत्येक पिंपात त्याच्या नावाचंच आहे, प्रकरण इथेच मिटवू या. पण आमची ही ऐकेना.

"नकाशावर माझी सही असणार," ती म्हणाली. "त्याखाली झाकलेलं काही राहणार नाही."

थोरल्यांनाही झाकायचं नव्हतं. चाखणीच्या दिवशी भरलेल्या सभागृहात ते स्वतः उभे राहिले आणि सगळं सांगितलं, वजाबाकी न करता. शेवटी म्हणाले, "कपाळाची वाइन या वर्षी नाही. होईल तेव्हा आणीन. तोवर त्याला कुठलीच प्रत लावू नका. ओहोळपट्टीचा निकाल मात्र माझ्या चुकीवरून ठरवू नका."

कुजबुज झाली. नियमावर बोट ठेवणारे दोघेतिघे उठले. तेवढ्यात मागच्या बाकावरून मिशाळ गरजला, "पिंपात आज भेसळ आहे का? नाही ना? मग चाखा की! काड्या मी स्वतः बघितल्यात, ओहोळपट्टीला गार शिवलेली नाही!"

समितीने सगळ्यांसमोर मोहोरा फोडल्या. परीक्षकांचे पेले नावं झाकून भरले गेले. बराच वेळ नुसते घोट चाखून थुंकण्याचे आणि पेन्सिलींचे आवाज. मी हिच्याकडे पाहत होतो. मातीच्या अहवालात तिने ओहोळपट्टीबद्दल काय लिहिलंय, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. ओढ्याने डोंगरावरून शतकानुशतकं आणून रचलेले गोटे, त्यांवर चिकणमातीचा पातळ थर, पहिल्या प्रतीस योग्य, असं ते होतं. लिहिलं होतं तेव्हा खोऱ्यात कुणीही तिला वेड्यात काढलं असतं.

परीक्षकांच्या चिठ्ठ्या उघडल्या. पहिली प्रत. मिशाळच्या त्या पिटुकल्या पिंपालाही पहिली.

कारकुनाने वही सरसावली. "ओहोळपट्टी. मालक कोण?"

सगळ्यांच्या माना सवयीने थोरल्यांकडे वळल्या. थोरले हाताची घडी घालून बसले होते, समोर बघत. धाकटी उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मी."

नकाशा छापून आला तेव्हा कपाळाची जागा हिने कोरी ठेवायला लावली होती. सगळ्या रंगीत तुकड्यांच्या वर एक पांढरा ठिपका. छापखानेवाल्याने दोनदा फोन करून विचारलं, चूक तर नाही ना. मला वाटलं, थोरले तो नकाशा बघणारही नाहीत. पण आम्ही गेलो तेव्हा तो त्यांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत लावलेला होता, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा. ते एका पाहुण्याला नकाशा समजावत होते. खालच्या पहिल्या प्रतीच्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी भावजयीचं कौतुक केलं, चांगलं तोंडभर. मग बोट वर सरकलं.

"आणि ही कोरी जागा?" पाहुण्याने विचारलं.

"ती माझी," थोरले म्हणाले. "यंदा बहर चांगला आहे."